नकाराचा रकाना

सोमवार, ६ जानेवारी १९९७. सांगली

नोकरीचा पहिला दिवस, आणि तो सगळा झापून घेण्यात गेला. डॉ. तेरदाळकर बाईंनी आम्हा तिघांना त्यांच्या दवाखान्यात समोर बसवून दुपारपर्यंत एक फॉर्म शिकवला. कृष्णाकाठची सहा गावं, साठीच्या पुढची सगळी माणसं, तीन वर्षं. प्रत्येकाची स्मरणशक्ती तपासायची, रक्तदाब घ्यायचा, रक्त घ्यायचं. मग तीन गावांत रोजचं चालणं, दुपारी एकत्र बसून वाचन-गप्पा, दाबाच्या गोळ्या वेळेवर मिळतात की नाही यावर पहारा. उरलेल्या तीन गावांत नेहमी चालतं तसंच. शेवटी बघायचं की विसरणं कुठं कमी वाढलं.

बाई म्हणाल्या, म्हातारपणी मेंदू झिजतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण ती झीज अडवता येते का हे आपल्याकडे कुणी तपासलेलंच नाही.

फॉर्म तीस गुणांचा. उत्तर येत नसेल तर शून्य. माणूस उत्तर द्यायलाच तयार नसेल तर 'नकार' असा वेगळा रकाना, त्यात खूण. हे त्यांनी चार वेळा सांगितलं. "येत नाही आणि सांगत नाही, यात फरक असतो." चौथ्यांदा सांगताना माझ्याकडे बघत होत्या. मी मानसशास्त्रात एम. ए. आहे, दुसऱ्या वर्गात, दोन वर्षं साताऱ्यात घरी बसून होतो. तरी एवढं मला कळतं.

बाबांना पत्र टाकलं. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. सरकारी नाही म्हटल्यावर ते तिला नोकरी म्हणणार नाहीत, हे ठाऊक आहे.

मंगळवार, २१ जानेवारी. खोलेवाडी

मला नेमून दिलेलं गाव. सांगलीहून एसटीनं पाऊण तास. देवळासमोरच्या कट्ट्यावर बसलेल्या एकानंही धड उत्तर दिलं नाही. आम्ही रक्त काढून मुंबईला विकतो असं कुणीतरी पसरवलंय. एक म्हातारा म्हणाला, "आमच्या डोस्क्याची परीक्षा घ्यायला तू कोन?" बाकीचे हसले. माझं आडनाव कळल्यावर दोघं उठून दुसरीकडे जाऊन बसले. या गावानं शंभर वर्षं काहीही विसरू नये, अशी मी मनातल्या मनात शिवी दिली.

दुपारी धैर्यशील भेटला. पस्तिशीचा असेल, ऊस बागायतदार, मोटारसायकल आहे. त्यानं मला 'लोखंडे सर' म्हटलं, कट्ट्यावरच्या सगळ्यांना दम दिला, आणि संध्याकाळपर्यंत माझे सात फॉर्म भरून झाले. घरी नेलं. सोप्यात खुर्चीवर बसवलं, कपबशीत चहा दिला. कप देताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली, त्यानं हात मागं घेतला नाही. असल्या गोष्टी मोजायच्या नाहीत असं ठरवलंय. तरी मोजतो.

गुरुवार, ३० जानेवारी

आज धैर्यशीलच्या चुलतीकडे गेलो, त्यानंच नेलं. बनुबाई, वय बहात्तर, नवरा वारून वीस वर्षं झाली, मूलबाळ नाही. अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी पाणी मागितलं. तिनं तांब्या आणला आणि वरून, हातभर उंचीवरून, माझ्या ओंजळीत ओतला. माझ्या मागं धैर्यशील उभा. त्याच्यासमोर.

"तू कुनाचा रं?" तिनं विचारलं. मी नाव सांगितलं. म्हणाली, नाव नाही विचारलं. मग आडनाव सांगितलं, साताऱ्याचा म्हणून सांगितलं. "आस्सं," म्हणाली. त्या 'आस्सं'मध्ये सगळं आलं.

फॉर्म काढला. आज वार कुठला? "तुला ठावं न्हाई व्हय? मग इचारतोस कशाला?" महिना कुठला? गप्प. तीन शब्द सांगितले, पाच मिनिटांनी पुन्हा म्हणायला सांगितले, तर माझ्या खांद्यावरून धैर्यशीलकडे बघत राहिली. मग शेंगांचं सूप उचलून आत गेली ती बाहेर आलीच नाही.

फॉर्म एसटी स्टँडवर बसून पुरा केला. सुरुवातीला घड्याळ, पेन ओळखलं, गाव, तालुका, जिल्हा, राज्य सांगितलं, तीन शब्द लगेच म्हटले, त्याचे गुण दिले. बाकी शून्य, शून्य, शून्य. तीसपैकी नऊ. नकाराच्या रकान्यात खूण केली नाही. ताठ्याला नकार म्हणायचं असं बाईंनी सांगितलेलं नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

रक्तदाब घ्यायला पुन्हा बनुबाईकडे. उंबऱ्याशी गेल्या गेल्या, "तू कुनाचा रं?" तेरा दिवसांत दुसऱ्यांदा. हिला माझी जात पुन्हा पुन्हा माझ्याच तोंडून ऐकायचीय. मी मुद्दाम मोठ्यानं सांगितली, शेजारच्या घरापर्यंत जाईल अशी. तिनं नुसतं बघितलं.

दाब एकशेऐंशी-एकशेदहा. फार आहे. दवाखान्याची चिठ्ठी द्यायला हवी होती, पण तिच्यासमोर आणखी पाच मिनिटं बसवेना. पुढच्या खेपेला देऊ.

घरात शालूबाई म्हणून आहे, बनुबाईच्या नणंदेची लेक. नवऱ्यानं टाकल्यापासून पंधरा वर्षं इथंच राहते, मामीची तीन एकर तीच बघते. आगाऊ आहे. मी म्हातारीला काही विचारलं की मध्येच हीच उत्तर देते. तिला दम दिला. तेवढ्यात आतून दूध करपल्याचा वास आला आणि ती धावत गेली. "मामी, आवं ठिवलं कवा तुमी?" असं काहीतरी बडबडत होती. म्हातारी जागची हलली नाही.

सोमवार, ३ मार्च

धैर्यशील सांगलीला आला होता. काकीची फार काळजी करतो. मिरजेला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचंय, तर तपासणीचा कागद मिळेल का म्हणाला. कागद बाहेर द्यायचा नाही असा नियम आहे. पण नियम कुणासाठी असतात? चुलतीला दवाखान्यात नेणारा पुतण्या रोज भेटत नाही. झेरॉक्स काढली, शिक्का मारला, खाली सही केली. त्यानं मला स्टँडपर्यंत सोडलं.

मंगळवार, १५ एप्रिल. सातारा

जयंतीला घरी आलो. मिरवणुकीत बाबा वर्दीतले पट्टे लावून चालले. खोलेवाडीचे एकशे चाळीस फॉर्म झाले म्हणून सांगितलं, तर म्हणाले, "मानसं किती भेटली?" त्यांचं हे असंच बोलणं.

शुक्रवार, २० जून

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी शालूबाई दवाखान्यात आली. पदराआडून कोर्टाची नोटीस काढली आणि तेरदाळकर बाईंच्या टेबलावर ठेवली. धैर्यशीलनं अर्ज केलाय की चुलतीचं डोकं ताळ्यावर नाही, तिच्या मिळकतीचा पालक म्हणून त्याला नेमावं. अर्जाला माझी झेरॉक्स जोडलीय. तीसपैकी नऊ. माझी सही, आमचा शिक्का.

शालूबाई उभ्या उभ्याच बोलली. ती तीन एकर नदीला लागून आहेत, माती चांगली, धैर्यशीलनं वीटभट्टीवाल्याशी आधीच बोलणं केलंय. मामी ती जमीन शालूच्या नावावर करणार, हे गावाला पहिल्यापासून माहीत आहे. पालक झाला की तो विकणार.

ती गेल्यावर बाईंनी दार लावलं. ओरडल्या नाहीत. कागद बाहेर गेलाच कसा, एवढंच विचारलं. मग मूळ फॉर्म काढला, बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "सतरा प्रश्नांपुढं शून्य. हिला यातलं एकही येत नव्हतं?"

मी म्हणालो, ती बोललीच नाही.

"मग हा रकाना कशासाठी आहे?"

 बाईंनी फॉर्मांच्या गठ्ठ्यावर हात ठेवला. मी भरलेले दोनशे बारा फॉर्म आता दुसऱ्याकडून पुन्हा भरून घेणार. एकात खोटं असेल तर कुठल्या दोनशे अकरांत नाही हे त्यांना कसं कळणार, असं म्हणाल्या. मी उन्हातान्हात हिंडून केलेलं काम. एसीत बसून लोकांना खोटं ठरवायला काय जातं? मला ही बाई पहिल्या दिवसापासून आवडलेली नाही.

शनिवार, २१ जून

धैर्यशीलकडे गेलो. काय काय बोलायचं ते एसटीत ठरवलं होतं. त्यानं खुर्ची दिली, नेहमीसारखा चहा मागवला. माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "सर, कागद तुमचा, सही तुमची. मी एक अक्षर बदललेलं न्हाई."

कपाला हात लावला नाही. आजवर त्या घरात मी अकरा वेळा चहा प्यालोय.

रविवार, २९ जून. सातारा

बाबांना सांगितलं. पाण्याचं सांगितलं, शून्य कुठं बसून लिहिले तेही.  मग म्हणाले, कोर्टात जाऊन हेच सांग. मी म्हणालो, रागानं लिहिलं असं सांगितलं तर माझी नाचक्की होईल, पुन्हा कुणी कामावर ठेवणार नाही.

"तिची जिमीन जाऊ दे, पर तुझी नाचक्की नको. व्हय?"

त्यानंतर ते गोठ्याकडं गेले.  तिनं वरून पाणी ओतलं त्याचं काय, हे कुणीच विचारत नाही. मी चुकलो ते सगळ्यांना दिसतं. ती चुकली ते फक्त मला.

सोमवार, ११ ऑगस्ट. सांगली

तारीख होती. शेवटी बाबांचं ऐकून मी शालूबाईच्या वकिलाला साक्ष देतो म्हणून कळवलं होतं. बनुबाई आणि शालूबाई कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसल्या होत्या. शालूबाई मामीच्या कानाशी सारखी काहीतरी पुटपुटत होती आणि म्हातारी ओठ हलवत होती. जप असावा. मला बघून बनुबाईनं शालूला कोपरानं ढोसलं आणि काहीतरी विचारलं. शालूनं माझ्याकडे बघत हळूच सांगितलं. माझी ओळख यापेक्षा मोठ्यानं सांगायची तिला लाज वाटत असेल.

आधी न्यायाधीशांनी म्हातारीलाच प्रश्न विचारले. आज वार कुठला? "सोमवार. श्रावणातला दुसरा. उपास हाय माजा." जमीन किती? सांगितली. चतुःसीमा? पूर्वेला नदी, पश्चिमेला आकारामची विहीर, उत्तरेला पाणंद, दक्षिणेला दिराची वाटणी. विहिरीला पाणी कुठल्या साली लागलं तेही न विचारता सांगितलं. एकदाही अडली नाही. मला वाटलं, जानेवारीत हीच बाई माझ्यासमोर मुकी झाली होती. तिला फक्त न्यायाधीश लागत होता.

मग मला बोलावलं. मी सांगितलं की त्या दिवशी तिनं उत्तरं देण्याचं नाकारलं होतं. नकाराचा रकाना मी मुद्दाम मोकळा ठेवला आणि शून्य लिहिले. तो कागद खरा धरू नये.

धैर्यशीलचा वकील उठला. का लिहिले? मी म्हणालो, रागात होतो. कशाचा राग? मी पाण्याचं सांगितलं.  वकील माझ्याजवळ आला.

"म्हणजे जातीचा राग मनात धरून तुम्ही एका वृद्ध स्त्रीला वेडी ठरवलंत?"

"वेडी ठरवली नाही," मी म्हणालो. "पण राग धरून शून्य लिहिले, हो."

त्यानं ते 'हो' पुन्हा म्हणायला लावलं. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मला वाटलं होतं, पाणी ओतणारीची मान खाली जाईल. ती समोर बघत होती, निर्विकार. खाली गेली ती माझीच. पिंजऱ्यातून उतरल्यावर मी चालत नदीपर्यंत गेलो आणि घाटावर बसलो.

बुधवार, ३ सप्टेंबर

अर्ज फेटाळला. त्याच दिवशी बाईंनी मला कामावरून कमी केल्याचं पत्र दिलं. पत्रात दोन ओळी होत्या. खोली सोडली, साताऱ्याला जातो.

शनिवार, ८ नोव्हेंबर. सातारा

शिकवणीचे वर्ग सुरू केलेत. दहावीची सोळा मुलं.

शालूबाईचं पोस्टकार्ड आलं, दुसऱ्या कुणाच्यातरी अक्षरात. 'मामी बोलावते. कागद घेऊन या.' का म्हणून जावं? बनुबाई आजवर माझ्याशी एक शब्द बरा बोललेली नाही. बाबांनी कार्ड वाचलं आणि एसटीचं वेळापत्रक काढून माझ्यासमोर ठेवलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर. खोलेवाडी

"तू कुनाचा रं?"

मी काही बोलायच्या आत शालूबाई म्हणाली, "मामी, लोखंडे सर न्हवं का. कोर्टात बोलले त्ये." म्हातारीनं मला खालपासून वरपर्यंत नव्यानं बघितलं. खरंच नव्यानं. आणि तेव्हा कुठं मला कळलं. फेब्रुवारीत, ऑगस्टमध्ये, दर वेळी ती हेच विचारत होती. मी दर वेळी जात ऐकली.

तिनं शालूला रानात पिटाळलं. मला सोप्यात बसायला सांगितलं, स्वतः उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली:

"मी इसरायला लागलिया. दोन वरसं झाली. चुलीवरचं इसरतं, मानसं इसरत्यात. मला कळतंय ते. धैर्या तुज्या मागं हुबा हुता. मी चुकीचं बोलले आसते तर त्यानं तितंच धरलं आसतं. म्हनून गप ऱ्हायले."

मी कोर्टाचं विचारलं. शालूनं आठ दिवस पाठ करून घेतलं, ती म्हणाली. चतुःसीमा तेवढ्या आपल्या आपण आठवल्या. दसऱ्याच्या आधी बक्षीसपत्र करून जमीन शालूच्या नावावर झाली, शिक्के बसले, आता कुणाच्या बापाचं काही चालत नाही.

मी संतापलो. एवढी नाचक्की करून घेतली, नोकरी गेली, आणि मी कोर्टात एका पाठ केलेल्या धड्याला साथ दिली होती. तुम्ही मला फसवलं, असं तोंडावर म्हणालो.

"मी कवा म्हनले, कोर्टात ये म्हनून?" ती म्हणाली. "तुज्या कागदानं जिमीन चालली हुती, तुज्याच बोलन्यानं ऱ्हायली. फिट्टंफाट. आता कागद काढ आन नीट इचार. मागं कुनी हुबं न्हाई."

फॉर्म होता माझ्याजवळ, एक जुना कोरा. सगळे प्रश्न विचारले. वार चुकला. महिना आला, कारण बाहेर ऊसतोड चालू होती. तीन शब्दांतला एकही पाच मिनिटांनी राहिला नव्हता. येत नाही तिथं तिनं 'न्हाई येत' म्हटलं, दर वेळी, माझ्या डोळ्यांत बघून. नकाराचा रकाना पूर्ण मोकळा राहिला. बेरीज दोनदा केली. तीसपैकी अकरा. जानेवारीत रागाच्या भरात मी नऊ लिहिले होते.

किती पडले, तिनं विचारलं. मी सांगितलं.

"म्हंजे नापास."

यात पास-नापास असं नसतं, मी म्हणालो.

"आसतंय," ती म्हणाली.

दाब घेतला. दोनशे-एकशेवीस. सोमवारी तयार राहा, सांगलीला जायचंय, असं मी शालूबाईला सांगितलं. कुणाकडे जायचं ते तोंडातून निघेना.

सोमवार, १७ नोव्हेंबर. सांगली

तेरदाळकर बाईंच्या दाराबाहेर दीड तास बसलो. मला आत बघून त्यांचा चेहरा बदलला नाही. मी कोर्टातलं, पाठ करून घेतल्याचं, अकरा गुणांचं, सगळं सांगितलं. त्यांनी जुनी फाइल मागवली, पानं उलटली आणि एका ठिकाणी थांबल्या.

"फेब्रुवारीत दाब एवढा होता. चिठ्ठी दिली होतीस?"

"नाही."

त्यांनी तो आकडा नव्या कागदावर उतरवून घेतला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नऊ महिने तो दाब तिच्या डोक्यातल्या शिरांवर आपटत होता, आणि मी वरून ओतलेलं पाणी आठवत बसलो होतो.

बाईंनी तिला स्वतः तपासलं. डोळे, हात, पाय, चाल. रक्त घेतलं, थायरॉईड बघायला सांगितलं, गोळ्या लिहिल्या, त्या कधी द्यायच्या ते शालूबाईकडून तीनदा म्हणवून घेतलं. शालूबाईनं विचारलं, मामी पहिल्यासारखी होईल का? बाई म्हणाल्या, गेलेलं परत येईल असं मी म्हणणार नाही. रक्तात काही सापडलं तर थोडं येईलही. उरलंय ते टिकवायला बघू. रोज चालवा, रोज माणसांत बसवा.

मग त्यांनी नवा फॉर्म घेतला. प्रश्न त्या माझ्याहून हळू विचारतात, आणि उत्तराची वाट बघताना पेन खाली ठेवतात. हे त्यांनी जानेवारीत शिकवलं होतं. मी ते वेळखाऊ म्हणून सोडून दिलं होतं.

शेवटी बाईंनी माझ्याकडे बोट केलं. हे कोण, ओळखता का?

बनुबाईनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. शालूबाई काहीतरी बोलायला गेली, बाईंनी तिला हातानंच गप्प केलं.

"नाव न्हाई आठवत," बनुबाई म्हणाली. "पर ह्याचं नि माजं जमत न्हाई."

बाईंनी त्या प्रश्नापुढं अर्धा गुण लिहिला. थोडं थांबल्या. मग तो खोडून पूर्ण एक केला.